गोलात बसवलेला थवा

नवी मुंबईत नेरूळमधल्या एका सोसायटीच्या लॉबीत, बागेच्या बाजूला, जमिनीपासून छतापर्यंत एक अखंड काच आहे. दार तिच्या शेजारी. काच इतकी स्वच्छ ठेवतात की एका संध्याकाळी धावत आलेलं लहान मूल थेट तिच्यावर आपटलं. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी निभावलं. पुढच्या मीटिंगमध्ये काचेवर चित्र लावायचं ठरलं आणि ते काम ओळखीओळखीतून ठाण्यात, नौपाड्यात माझ्याकडे आलं.

सेक्रेटरी काकांच्या मनात चित्र पक्कं होतं. "आपल्याकडे हिवाळ्यात रोहित येतात, त्यांचा थवा हवा. दाटीवाटीनं उभे असतात ना, तसा. आणि गोलात हवा, पण गोलाची रेघ नको." रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जाही मिळाला. पण नेरूळ-सीवूड्सच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणथळीवर गुलाबी पट्टा उमटला की तो मुलांना घेऊन बघायला जातो.

"गोल हवा, पण रेघ नको" या वाक्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. पुढे झालेलं जवळजवळ सगळं त्यातूनच आलं.

चित्र ४ फूट व्यासाचं, म्हणजे साधारण १२२० मिलिमीटर. थव्यात ३१ पक्षी: ९ मोठे रोहित, २२ लहान. दोघांत फरक आहे आणि तो मला पाळायचा होता. मोठा रोहित पांढुरका, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान रोहित अंगानं जास्त गुलाबी, चोच गडद. दोघांच्या पंखांत काळी पिसं. खाली तिवरांची ४० पानं. मी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर काम करते. एका पक्ष्याचे सहा आकार: मान धरून अंग, पंख, काळी पिसं, चोच आणि दोन पाय. ३१ गुणिले ६ म्हणजे १८६, त्यात ४० पानं मिळवली की २२६ आकार. सगळे एकमेकांवर चढलेले, कारण थवा तसाच असतो. पुढच्याची मान मागच्याच्या पंखावर, मागच्याचे पाय पुढच्याच्या पोटाआड.

हा सगळा पसारा गोलाबाहेर बराच सांडला होता. मी वर एक वर्तुळ ठेवलं, सगळं निवडलं, ऑब्जेक्ट मेनूमधून क्लिप लावली. एका क्षणात थवा गोलात बसला. काकांना व्हॉट्सॲपवर जेपीजी पाठवली, त्यांनी ती कमिटीच्या ग्रुपवर टाकली, मंजुरी आली. मी पीडीएफ काढून तुर्भ्याच्या रेडियम कटिंगवाल्या दादांना धाडली. (रेडियम म्हणजे काचेवर, गाड्यांवर चिकटवतात ते रंगीत विनाइल.)

तिसऱ्या दिवशी दादांचा फोन. "ताई, एकदा येऊन जा. फोनवर कळायचं नाही."

तुर्भ्यातला टेबल

ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली. तुर्भ्याला उतरून एमआयडीसीतल्या त्यांच्या गाळ्यावर पोहोचले, तेव्हा टेबलावर फिक्क्या गुलाबी रेडियमचा दोनेक मीटरचा तुकडा पसरलेला होता. प्लॉटरनं, म्हणजे पातं फिरवून रेडियम कापणाऱ्या मशीननं, काम चोख केलं होतं. त्याला दिलेली प्रत्येक रेघ त्यानं कापली होती. गोलाबाहेर सांडलेले, क्लिपनं झाकलेले पक्षी पूर्ण कापले होते. पुढच्या पक्ष्याआड गेलेली मागच्या पक्ष्याची अंगंही कापली होती, त्यामुळे पुढच्याच्या पोटातून मागच्याची पाठ आरपार गेली होती. आणि ज्या गोलासाठी हे सगळं, त्याची कड कुठेच नव्हती.

दादा कोरल या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतात. त्यांनी फाइल वायरफ्रेममध्ये उघडून दाखवली. रंग गेले, नुसत्या रेघा राहिल्या, आणि स्क्रीनवर विसकटलेल्या सुतळीचा गुंडा दिसला. "मशीनला हे दिसतं," ते म्हणाले. "तुम्हाला दिसतं ते मशीनला दिसत नाही."

नव्यानं रेडियमचं काम घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते, म्हणून इथेही सविस्तर लिहिते. क्लिप आकार कापत नाही, झाकते. खालचा आकार जसाच्या तसा फाइलमध्ये असतो, त्यातला किती दाखवायचा एवढंच क्लिप ठरवते. कोरलमध्ये याच कामाला पॉवरक्लिप म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये क्लिपिंग मास्क. छपाईत यानं काहीही बिघडत नाही, कारण छपाईला फक्त दिसणाऱ्या रंगाशी देणंघेणं असतं. फ्लेक्सवर तीच फाइल बिनबोभाट छापली गेली असती. प्लॉटरला रंग माहीत नाही. त्याला पाथ, म्हणजे आकाराची रेघ, तेवढी कळते, आणि पाथ असेल तिथे पातं जातं. एकमेकांवर चढलेल्या आकारांचंही तसंच. वरचा आकार खालच्याला डोळ्यांपुरता झाकतो, पात्यापुरता नाही.

तेव्हापासून कोणतीही कटिंगची फाइल पाठवण्याआधी मी ती इंकस्केपच्या आउटलाइन दृश्यात, म्हणजे रंगांशिवाय नुसत्या रेघांत, बघते. तिथे जे दिसतं तेच कापलं जाणार. कमिटीला दाखवायचं चित्र आणि कटिंगची फाइल या दोन वेगळ्या फाइली आहेत हे त्या टेबलापाशी माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

थवा नाहीसा झाला

घरी आले आणि खरं कापायला बसले. वर्तुळ वर, २२६ आकार खाली, सगळं निवडलं आणि पाथ मेनूतलं इंटरसेक्शन दाबलं. सगळा थवा नाहीसा झाला. स्क्रीन कोरी.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी शेजारी होती. तिला वाटलं प्रोग्रॅम बिघडला. प्रोग्रॅमनं बरोबरच उत्तर दिलं होतं. इंटरसेक्शन म्हणजे निवडलेल्या सगळ्या आकारांत सामाईक असलेला भाग. डावीकडच्या पक्ष्याची चोच, उजवीकडच्याचा पाय आणि खालचं तिवराचं पान, या सगळ्यांत सामाईक अशी जागा कुठे असणार? एकही नाही, म्हणून उत्तर शून्य. आपल्या मनातला प्रश्न असा असतो: यातला प्रत्येक आकार वर्तुळाशी वेगवेगळा छेद, आणि प्रत्येकाचा रंग राख. हा एक प्रश्न नाही, २२६ प्रश्न आहेत. आपण ते एका वाक्यात विचारतो आणि सॉफ्टवेअर त्याचा वेगळा अर्थ लावतं. युनियन, डिफरन्स, इंटरसेक्शन ही सगळी बुलियन ऑपरेशन्स. जॉर्ज बूल या १९व्या शतकातल्या गणितज्ञाच्या नावावरून आलेली. त्यात शब्दाचा अर्थ एकच असतो, आपली मनातली इच्छा त्यात धरलेली नसते.

मग २२६ वेळा करायचं? करता येतं. दरवेळी वर्तुळाची नवी प्रत काढावी लागते, कारण ऑपरेशन झालं की मूळ वर्तुळ त्यात खर्ची पडतं. वर्तुळ वर आणि पक्ष्याचा आकार खाली हा क्रमही पाळावा लागतो, कारण रंग खालच्याचा टिकतो. ३०-४० आकार असते तर मी निमूटपणे तेच केलं असतं.

मुलीनं सुचवलं, सगळे आकार कम्बाइन करून एकच पाथ करू या, मग वर्तुळाशी एकदाच इंटरसेक्शन. कल्पना चांगली होती. फक्त फिके गुलाबी आकार घेऊन आम्ही करून पाहिलं. गोल सुरेख कापला गेला, पण जिथे दोन पक्षी एकमेकांवर होते तिथे भोकं पडली, आणि जिथे तीन होते तिथे पुन्हा रंग भरला.

यामागचं कारण एकदा कळलं की आयुष्यभर पुरतं. कम्बाइन केल्यावर आकार एकमेकांत मिसळत नाहीत, नुसते एका पाथमध्ये एकत्र राहतात. त्या पाथचा कुठला भाग भरायचा हे फिल रूल ठरवतो. तो ईव्हन-ऑड असेल तर हिशोब असा: एखाद्या बिंदूपासून बाहेरपर्यंत सरळ रेघ ओढा आणि ती किती कडा ओलांडते ते मोजा. विषम आल्या तर आत रंग, सम आल्या तर मोकळं. एका पक्ष्याच्या आतून बाहेर पडताना एक कड, म्हणून रंग. दोघांच्या आतून दोन कडा, म्हणून भोक. तिघांच्या आतून तीन, म्हणून पुन्हा रंग.

कम्बाइनऐवजी युनियन केलं तर भोकं पडत नाहीत, पण एका रंगाचे सगळे पक्षी वितळून एक ढेकूळ होतं. २२ लहान रोहितांची अंगं एकाच गुलाबी रंगाची. त्यांचं युनियन केल्यावर पक्षी उरला नाही, किनारपट्टीच्या नकाशासारखा एक डाग उरला. थवा ओळखू येतो तो एका पक्ष्याची कड दुसऱ्यावर दिसते म्हणून. ती कडच गेली.

आकार सुटे करून बघू म्हणून आम्ही शेप बिल्डरही वापरलं. हे साधन इंकस्केपमध्ये २०२३ च्या १.३ आवृत्तीपासून आलं. ते निवडलेल्या सगळ्या आकारांचे जिथे जिथे छेद जातात तिथे तुकडे पाडतं आणि मग आपण बोटानं मातीचे गोळे जोडावेत तसे तुकडे जोडत जातो. एका पक्ष्यापुरतं ते उत्तम. २२६ आकारांवर माझा संगणक आधी बराच वेळ विचारात पडला, आणि मग इतके बारीक तुकडे दिले की कुठला कुणाचा हे सांगता येईना. तुकड्यांची संख्या अशी का फुगते याचा एक साधा हिशोब आहे. कागदावर ३१ वर्तुळं अशी काढली की प्रत्येक वर्तुळ बाकी प्रत्येकाला छेदेल, तर कागदाचे जास्तीत जास्त ३१ × ३१ − ३१ + २, म्हणजे ९३२ भाग पडतात. आणि वर्तुळ म्हणजे फार सभ्य आकार, रोहिताची मान तशी नाही.

काचेची दुसरी बाजू

दादांना फोन केला. ते म्हणाले, "एवढं कशाला? एकावर एक चिकटवू. आधी अंग, त्यावर पंख, त्यावर काळी पिसं. दुकानांच्या काचांवर असंच करतो आम्ही." म्हणजे रंगांचे थर. यात एकमेकांवर चढलेलं काही काढावं लागत नाही.

बरं वाटलं. तरी मी एका लहान रोहिताचा नमुना करून मागवला आणि नौपाड्यातल्या माझ्या खिडकीला आतून चिकटवला. आतून झकास दिसत होता. मग खाली रस्त्यावर उतरून वर पाहिलं. काचेआडून एक गुलाबी गोळा दिसत होता. पंख नाही, काळं पीस नाही, काही नाही. जे सर्वांत आधी काचेला चिकटलं तेच मागून दिसणार, बाकी थर त्याच्या पाठीमागे.

नेरूळची काच दोन्ही बाजूंनी बघितली जाते. संध्याकाळी बागेत बसणारी ज्येष्ठ मंडळी तर फक्त मागूनच बघणार. त्यांना गुलाबी गोळ्यांचा गोल दाखवायचा नव्हता. म्हणून थर रद्द. प्रत्येक रंग थेट काचेला टेकला पाहिजे, म्हणजे पंखाच्या जागी अंगाला नेमकं पंखाएवढं भोक हवं, आणि पुढच्या पक्ष्याच्या जागी मागच्या पक्ष्याला पुढच्याएवढी खाच. जे काम टाळण्यासाठी मी दादांना फोन केला होता तेच काम आता अटळ होतं.

दोन्ही बाजूंचा विचार सुरू झाल्यावर आणखी दोन गोष्टी सुटल्या. सोसायटीचं नाव गोलाखाली घालायचं होतं, ते बागेतून उलटं दिसलं असतं, म्हणून काढलं. आणि दादांनी आपणहून सांगितलं की पांढरं रेडियम करड्या गोंदाचंही येतं, ते मागून मळकट दिसेल, साध्या गोंदाचं घेऊ.

फट

आता मुख्य अडचण. भोक पंखाएवढं आणि पंख भोकाएवढा, फाइलमध्ये हे दोन्ही तंतोतंत जुळतात. काचेवर जुळत नाहीत. चिकटवताना हात अर्धा मिलिमीटर सरकतो, रेडियम ताणलं जातं, पुढे उन्हात थोडं आकसतं. मग एका बाजूला रंग रंगावर चढतो आणि दुसऱ्या बाजूला काचेची केसाएवढी चीर दिसते. अशी चीर डोळ्याला चूक म्हणून कळते.

मी दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवायचं ठरवलं. सगळीकडे, सारखी. अंग आणि पंखात फट, पंख आणि पिसांत फट, पुढच्या आणि मागच्या पक्ष्यात फट. फट सगळीकडे असली की तीच रेघ होते, चित्रातली रेघ. हात अर्धा मिलिमीटर सरकला तर दीडाची एक होते, कुणाच्या लक्षात येत नाही. आणि एकाच गुलाबी रंगाचे दोन पक्षी एकमेकांवर असले तरी मधल्या फटीनं ते वेगळे दिसतात. युनियननं खाल्लेली कड फटीनं परत दिली. या कामात मी घेतलेला सर्वांत चांगला निर्णय हाच, असं मला आजही वाटतं.

फट काढण्याची रीत सोपी आहे. पुढच्या आकाराची प्रत काढायची, ती आउटसेटनं दीड मिलिमीटर फुगवायची, आणि मागच्या आकारातून डिफरन्सनं वजा करायची. डिफरन्समध्ये वरचा आकार खालच्यातून वजा होतो, म्हणून फुगवलेली प्रत वर हवी. आउटसेटचं पाऊल मुळात २ पिक्सेलचं असतं, ते प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मिलिमीटरमध्ये बदलून ठेवलं.

कष्ट क्रमात होते. सुरुवात पक्ष्याच्या पोटापासून केली. ३१ पक्षी मी ३१ वेळा काढले नव्हते. पाच पवित्रे काढले होते: मान खाली घालून चरणारा, मान उंच केलेला, पिसं विंचरणारा, पंख उघडणारा, एका पायावर निजलेला. बाकी सगळे त्यांच्याच प्रती, उलटवलेल्या किंवा लहान केलेल्या. आतल्या फटी फक्त पाच पवित्र्यांना पाडल्या तर पुरेल असं वाटलं, पण मागच्या रांगेतले पक्षी ७० टक्के आकाराचे होते. त्यांच्याबरोबर फटही लहान होते, दीडाची जेमतेम एक. मग हात सरकायला जागाच राहत नाही. म्हणून दोन आकारांचे मिळून दहा नमुने केले आणि प्रत्येकाला दीडाचीच फट दिली. आकार पक्का झाल्याशिवाय फट पाडू नये, हे तिथे कळलं.

पायांनी वेगळाच त्रास दिला. मी पाय ५ मिलिमीटर जाडीच्या नुसत्या रेघा म्हणून काढले होते. (रोहिताचा पाय मध्ये मागे वाकतो तिथे आपण गुडघा समजतो. तो खरं तर घोटा. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.) स्क्रीनवर रेघ जाड दिसते, पण पाथ म्हणजे तिच्या मधोमध जाणारी एक अदृश्य वाट. प्लॉटर त्या वाटेनं एक चीर देईल, पाय निघणारच नाही. बुलियन ऑपरेशन तर जाडी धरतच नाही. ते वाकलेल्या उघड्या रेघेची दोन टोकं मनानं जोडतं आणि मधल्या जागेला आकार समजतं. एका पायाचा असा त्रिकोण झालेला पाहिल्यावर मी सगळे ६२ पाय स्ट्रोक टू पाथनं आधी भरीव आकारात बदलले. इलस्ट्रेटरवाल्यांसाठी: तिथे पाथफाइंडरमध्ये क्रॉप नावाचं बटण आहे. ते सर्वांत वरच्या आकाराबाहेरचं सगळं काढतं, आडोशाला गेलेले भागही काढतं आणि रंग राखतं, म्हणजे आमचं बरंचसं काम एका फटक्यात करतं. पण स्ट्रोक, म्हणजे नुसत्या रेघेची जाडी, तेही काढून टाकतं. पाय तिथेही गेले असते. आणि फट तेही देत नाही.

मग थव्याची पाळी. पुढून मागे जायचं. सर्वांत पुढचा पक्षी तसाच ठेवायचा. त्याची पूर्ण छायाकृती घेतली, हा साचा. साचा फुगवून दुसऱ्या पक्ष्यातून वजा केला. मग दुसऱ्याची छायाकृती साच्यात युनियननं मिळवली, आणि वाढलेला साचा तिसऱ्यातून वजा. असं करत ३०व्यांदा वजा करेपर्यंत. फुगवायचं ते दरवेळी प्रतीला, मूळ साच्याला नाही, नाहीतर फटीवर फट चढत जाते. वजा करण्याआधी एका पक्ष्याचे एका रंगाचे तुकडे कम्बाइन करून घेतले. आता ते एकमेकांवर नव्हते, त्यामुळे भोकांची भीती नव्हती. एका पक्ष्याचे तीन-चार रंग, म्हणजे शंभरेक डिफरन्स. तिवरांची पानं सर्वांत पुढे होती, म्हणून साच्याची सुरुवात खरं तर त्यांच्यापासून झाली. शनिवार दुपार ते रविवार रात्र. निम्मे पक्षी त्या मुलीनं केले, आणि माझ्यापेक्षा नेटके.

हे संपलं आणि गोलाचं काम जवळजवळ उरलंच नाही. थव्यात आता कुणीच कुणावर नव्हतं. एका रंगाचे सगळे तुकडे कम्बाइन केले, वर वर्तुळाची प्रत ठेवली, इंटरसेक्शन. पांढरा, फिका गुलाबी, गडद गुलाबी, काळा, हिरवा. पाच रंग, पाच वेळा. दोन मिनिटं लागली. पहिल्या दिवशी मी हेच सर्वांत आधी करायला गेले होते.

कड

पाच इंटरसेक्शननंतर आउटलाइन दृश्यात पाहिलं. रेघा स्वच्छ, गोल नेमका. तरी फाइल पाठवली नाही, कारण काकांचं वाक्य आठवत होतं. गोल हवा, रेघ नको.

रेघ नसलेला गोल दिसतो कसा? कडेवर कापलेल्या आकारांच्या टोकांवरून. डोळा ती टोकं जोडतो. वरच्या अर्ध्यात पक्ष्यांच्या माना एकमेकांपासून लांब होत्या. तिथे कडेला फारच कमी टोकं टेकत होती आणि गोल वरून उघडा वाटत होता. मी मागच्या रांगेतले दोन पक्षी वर सरकवले, एक पंख उघडणारा रोहित कडेवर आणला. आता उघडलेल्या पंखाची काळी पिसं बरोबर गोलाच्या वळणावर कापली गेली आणि ती कमान एकदम उठून दिसली. खालच्या बाजूला पानं होतीच. शेवटी ११ पक्षी कडेवर कापले गेले.

डावीकडे एका पक्ष्याचा डोळा नेमका कडेवर आला होता. अर्धा डोळा राहिला होता. गणितानं ते बरोबर, बघायला भीतिदायक. तो पक्षी १८ मिलिमीटर आत घेतला. पक्षी हलवला की त्याच्या मागच्या दोघांच्या खाचाही नव्यानं पाडाव्या लागतात, त्या पाडल्या. कातरीचं काम करणारा कुणीही, शिंपी असो की कोलाज करणारा, हे नकळत करतो. चेहऱ्यावरून कातर नेत नाही. सॉफ्टवेअरला चेहरा ठाऊक नाही.

मग बारीक तुकडे. एका चरणाऱ्या रोहिताची चोच गोलाबाहेर जात होती, फक्त तिच्या वळणाची कड आत राहिली होती: काळ्या रंगाचा, तिळाएवढा तुकडा, तीन मिलिमीटर लांब आणि मध्ये सव्वा मिलिमीटर रुंद. स्क्रीनवर शोधूनही सापडेना, आउटलाइनमध्ये दिसला. असा तुकडा रेडियममध्ये कापताना पात्याबरोबर उचलला जातो. टिकलाच तर वरचा नको असलेला भाग सोलून काढताना जातो, आणि तिथूनही वाचला तर हाउसकीपिंगच्या ओल्या फडक्याला जातो. दादांच्या अनुभवानं दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद काही ठेवायचं नाही. असे १७ तुकडे निघाले. १४ पुसून टाकले. तीन ठिकाणी तुकडा गेला असता तर पक्षी चुकीचा दिसला असता, तिथे शेजारच्या आकाराला जाड केलं.

एवढ्या ऑपरेशननंतर पाथवर नको तितके नोड, म्हणजे रेघेला आकार देणारे बिंदू, साचतात. मानेच्या एका वळणावर, जिथे चार पुरले असते, तिथे २३ होते. प्लॉटर प्रत्येक नोडपाशी किंचित अडखळतो आणि वळण खडबडीत येतं. नोड कमी करणारं सिम्प्लिफाय सरसकट लावलं तर फटीच बदलतात, म्हणून फक्त लांब वळणांवर, एकेक करून.

या वेळी दादांचा फोन आला तो वेगळा होता. "ताई, वायरफ्रेम बघितली. एक पण रेघ जादा नाही." आणि लगेच, "व्हर्जन जरा खाली करून पाठवा ना, कोरलला नीट उघडू दे."

चिकटवण्याचा दिवस

त्यांचा प्लॉटर २४ इंची. ४ फुटांचा गोल त्यात अखंड येत नाही, त्यामुळे आधी आम्ही चित्राचे तीन पट्टे करायचा विचार करत होतो. फटीनं तीही गरज संपवली. आता कुठलाही तुकडा एका पक्ष्यापेक्षा मोठा नव्हता, म्हणून एकेक पक्षी ट्रान्सफर टेपवर, म्हणजे कापलेले तुकडे जसेच्या तसे उचलणाऱ्या टेपवर, घेऊन सुटा लावता येत होता. जागा चुकू नये म्हणून चित्राची पूर्ण आकाराची काळी-पांढरी प्रिंट दोन भागांत काढली आणि बागेच्या बाजूनं काचेला चिकटपट्टीनं लावली. लॉबीतून काचेपलीकडे प्रत्येक पक्ष्याची जागा दिसत होती.

लॉबीच्या बाजूनं काचेवर शाम्पूचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारायचं. ओल्या काचेवर रेडियम सरकतं, खालच्या रेघेवर आणून बसवता येतं. मग पट्टीनं पाणी बाहेर काढायचं आणि टेप हळू सोलायची. सकाळी साडेनऊला सुरू केलं, संध्याकाळी सहाला शेवटचं पान लागलं. दोन पक्ष्यांची फट दीडाऐवजी एकावर आली. कुठल्या दोघांची, हे आता मलाही शोधावं लागतं.

मागचा कागद काढला तेव्हा बागेत पाचसात जण उभे होते. एका आजींनी बाहेरूनच विचारलं, "हा निजलाय तो एका पायावरच ना?" बागेच्या बाजूनं डोळा, चोच, पाय सगळं दिसत होतं.

खर्चाचं सांगायचं तर पहिल्या फेरीत वाया गेलेलं गुलाबी रेडियम आणि दादांची दुसऱ्यांदा लागलेली मजुरी मी माझ्या मानधनातून दिली. फाइल माझी होती. अशा कामाचा अंदाज देताना आता मी आकार मोजत नाही, एकमेकांवर किती चढले आहेत ते मोजते, आणि काच आहे का, मागून कोण बघणार, हे पहिल्याच फोनमध्ये विचारते.

निघताना काळ्या चोचींचे पाच जादा तुकडे टेपसकट पाकिटात घालून काकांकडे दिले होते. पावसाळ्यानंतर त्यातला एक लागला. खालच्या रांगेतल्या रोहिताची चोच मुलांच्या हाताच्या उंचीवर येते. काकांनी तो स्वतःच, शाम्पूचं पाणी फवारून, बसवला.